डॉक्टरबाईंचं सोनं

"आ करा," डॉक्टरबाई म्हणायच्या.

समोर पेशंट नसायचा. हातात मुठीएवढा, गंजाच्या रंगाचा दगड असायचा. त्या तो उन्हाकडे फिरवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या, एक डोळा मिटायच्या आणि दगडाला पडलेल्या भोकात वाकून बघायच्या. मग शर्टाच्या खिशातून दात तपासायची टोकाशी वाकडी सळई काढून भोकात घालायच्या आणि हलकेच खरवडायच्या. "दुखलं तर डावा हात वर करा हं," असंही त्याला सांगायच्या. दगड बिचारा गप्प. मग एक तर "शहाणा आहे" म्हणून त्याला पिशवीत टाकायच्या, नाहीतर "सगळे दात छान आहेत, घरी जा" म्हणून ओढ्यात सोडून द्यायच्या.

तुम्ही तिथे असतात तर पहिल्या दिवशी तुम्हाला हसू आलं असतं. मलाही आलं होतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र मीच त्यांच्या हातात दगड द्यायला लागलो होतो आणि "बाई, याची दाढ बघा जरा," म्हणत होतो.

बाई ठाण्याच्या. सगळं आयुष्य दातांच्या दवाखान्यात गेलं. नवरा गेल्यावर लेकीने त्यांना सिडनीला गिरावीनमध्ये आणलं. मी तिथून जवळच, पेंडल हिलला, मुलगा-सुनेकडे राहतो. रेल्वेच्या सिग्नलची कामं करून निवृत्त झालेला, पत्नी गेलेली, सकाळी पेपर आणि संध्याकाळी फेरी एवढाच कार्यक्रम. ती फेरीही करोनाच्या पहिल्या लॉकडाउनमध्ये एवढी सामसूम झाली की स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. अशाच एका फेरीत कुणाच्या तरी घरासमोरच्या फुलझाडांच्या वाफ्यात एक बाई गुडघे टेकून बसलेल्या दिसल्या. साडीवर स्वेटर, पायात बूट. मला वाटलं, पडल्या.

"लागलं का हो?" मी लांबूनच विचारलं. तेव्हा सगळं लांबूनच चालायचं.

"नाही हो. हा दगड बघतेय. विकत आणून लावलाय, पण जातीचा आहे." मग वर बघून म्हणाल्या, "मराठीत कसं विचारलंत?"

"साडी बघून."

"बरं झालं. नाहीतर मला इंग्रजीत सांगावं लागलं असतं की मी चोर नाही."

हे वेड त्यांना नातवामुळे लागलं होतं. शाळा घरातच भरत होती आणि नातवाला इथल्या जुन्या सोन्याच्या शोधावर काहीतरी करायचं होतं. त्याचं ते दोन दिवसांत संपलं. आजीचं सुरू झालं ते संपेचना. गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, पांढऱ्या दगडात सोनं असतं, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण अखंड, चकचकीत गार बहुतेक वांझ असते, हे मला बाईंनी सांगितलं. सोन्याच्या शेजारी दगडात दुसरे धातूही असतात. पाऊस आणि हवा शिरून शिरून युगानुयुगं ते सडतात, गंजतात, वाहून जातात. मागे भोकं उरतात. सोनं सडत नाही. ते भोकात बसून राहतं.

"आयुष्यभर मी काय केलं?" त्या म्हणायच्या. "कीड काढली आणि भोकात सोनं भरलं. इथे भरून ठेवलेलंच आहे. फक्त कीड ओळखायची. ते मला येतं."

बंधनं सैल झाली तसे आम्ही जायला लागलो. गाडी माझी. बाई मागच्या सीटवर, माझ्या तिरक्या बाजूला, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून बसायच्या. त्यांच्याच शिस्तीने. पेट्रोल भरायला थांबलो की लोक मला टॅक्सीवाला समजायचे. एकदा तिथल्या पोराने मला विचारलं, "बिझी डे, मेट?" मी काही म्हणायच्या आत बाई मागून म्हणाल्या, "ही'ज व्हेरी स्लो, बट सेफ."

डोंगर चढताना दोन्ही बाजूंना आदल्या उन्हाळ्यात जळलेली झाडं होती. काळे कोळसा झालेले बुंधे, आणि त्या बुंध्यांनाच पायापासून शेंड्यापर्यंत हिरवी लव फुटलेली. धुक्यातून ती अशी दिसायची की जणू झाडं झोपेत आहेत आणि त्यांना पालवीची स्वप्नं पडताहेत. रस्त्यावर गाडी नाही. आम्ही दोघंही तासतास बोलायचो नाही. आणि मध्येच मागून आवाज यायचा, "इंजिनिअर, जागे आहात ना?"

त्या मला इंजिनिअर म्हणायच्या. नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

बॅथर्स्टच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक ओढा लागतो. हौशी लोकांना तिथे हातोडी आणि थाळी घेऊन सोनं शोधायची मुभा आहे. काठावरचा उतार इतका जुना आणि कुजका की दगड हाताने कुस्करावा, त्याची माती व्हावी. त्यात मधूनमधून गारेच्या तांबूस, मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र शिरा. बाई तिथे पोचल्या की त्यांचं वय कुठेतरी गाडीतच राहायचं. दगड फोडायच्या, पेंडल हिलच्या दुकानातून आणलेल्या लोखंडी खलबत्त्यात कुटायच्या, ते कूट हिरव्या थाळीत घेऊन ओढ्याच्या कडेला बसायच्या आणि पाण्यात रोळायला लागायच्या. तांदूळ रोळतात तसंच. थाळी कलती धरायची, गोल फिरवायची, हलकं ते पाण्याबरोबर जाऊ द्यायचं, जड ते तळाशी. शेवटी चिमूटभर काळी वाळू उरायची आणि तिच्या कडेला, कधीमधी, सोनेरी धूर म्हणावा इतकं बारीक काहीतरी. दिसायचं, पण बोटाला यायचं नाही. तेवढं बघून त्या थाळी पुन्हा पाण्यात बुडवायच्या.

तिथे एक म्हातारा ऑस्ट्रेलियन नेहमी असायचा. कानाला यंत्र लावून जमिनीवर धातू शोधायची काठी फिरवत चालायचा. बाईंची सळई बघितल्यापासून तो त्यांना डॉक म्हणायचा.

"एनी कॅव्हिटीज टुडे, डॉक?"

"ओन्ली युवर्स, मेट. कम हिअर, आय विल हॅव अ लुक."

त्याचे पुढचे दोन दात नव्हते. त्यानंतर तो बाईंसमोर हसताना तोंडावर हात धरायला लागला. त्याच्याकडेही आपल्यासारखाच खलबत्ता होता, फक्त त्याचं नाव वेगळं होतं. बाईंनी त्याला आपला बत्ता वापरायला दिला, कारण तो जास्त जड होता. एका डब्यातलं थालीपीठही दिलं. त्याने ते चावून चावून खाल्लं आणि मला हळूच विचारलं, हे दगड कुटूनच करता का?

पहिल्याच खेपेला मी विचारलं होतं, "बाई, मिळालं तर काय करणार?"

"तोंडात ठेवणार."

मला कळलं नाही.

"अहो, माझ्या. शेवटी. आपल्यात नाही का ठेवत, तुळशीचं पान आणि सोन्याचा कण? तेवढा कण मिळाला की बास."

"त्याला एवढी यातायात कशाला? घरात असतं की."

"ते विकतचं. दुसऱ्यांच्या तोंडात जन्मभर विकतचं सोनं भरलं. माझ्या तोंडात मी शोधलेलं जाऊ दे की एकदा." आणि थाळी फिरवत हसल्या.

तेव्हा ती थट्टा होती. पुढे राहिली नाही.

दुसऱ्या वर्षी तिकडे भारतात ती भयंकर लाट आली. बाईंची थोरली बहीण ठाण्याच्या एका हॉस्पिटलात होती. विमानं बंद, दारं बंद. फोनवर भाच्याने सांगितलं की आई गेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं, तोंड कुणी पाहिलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी मी विचारलं, जायचं का? मला वाटलं, नाही म्हणतील. त्या पिशवी घेऊन फाटकात उभ्या होत्या.

ओढ्यावर त्या दिवशी त्यांनी दगड उचलला नाही. पाण्यात पाय सोडून बसल्या.

"ताईचे दात मीच बघायची," त्या म्हणाल्या. "घाबरट होती. खुर्चीत बसली की माझा हात धरायची, मग मी काम कसं करणार? म्हणायची, तू आहेस म्हणून तोंड उघडते, दुसऱ्या कुणासमोर नाही." पाण्यातले पाय त्यांनी जवळ ओढले. "ते तोंड तसंच मिटलं. पान नाही, पाणी नाही, सोनं नाही."

मी शेजारच्या दगडावर बसलो.

तेव्हापासून त्या मन लावून शोधायला लागल्या. दगडांशी बोलणं सुरूच होतं, पण आवाज खाली आला होता.

आता लोकांचंही सांगितलं पाहिजे. स्टेशनजवळच्या दुकानात भाजी घेताना कुणीतरी मला विचारलं, "काय काका, सोनं दोघांत वाटून घेणार का?" हसून विचारलं. मीही हसलो. घरी मुलगा म्हणाला, "बाबा, पीपल टॉक. आय'म जस्ट सेइंग." सुनेने कुकरची शिट्टी नीट बसवली. आणि मी म्हणालो, "अरे, आमचा सीनियर लोकांचा ग्रुप जातो." कसला ग्रुप? मागच्या सीटवर एक डॉक्टरबाई आणि डिकीत एक खलबत्ता. हे मी बाईंना कधी सांगितलं नाही. त्या आपल्या घरी सरळ सांगून यायच्या, इंजिनिअरांबरोबर जाते.

सोनं मिळालं तो दिवस थंडीचा होता. गवतावर हिमाची साय धरली होती आणि ओढ्यावरून वाफ निघत होती, त्यामुळे पलीकडचा काठ असल्यासारखाही वाटत होता आणि नसल्यासारखाही. तो म्हातारा आला नव्हता. बाई उताराच्या वरच्या अंगाला एका शिरेपाशी गुडघ्यांवर होत्या. मी खाली चहा ओतत होतो.

"इंजिनिअर," त्यांनी हाक मारली. "या. हळू या."

फांदीवर एखादा पक्षी बसलेला असावा आणि तो उडू नये, असा आवाज होता. मी गेलो. गारेला अंगठ्याएवढं भोक होतं, आतून तपकिरी, भुसभुशीत. बाईंनी टॉर्च धरला. आत अगदी मागे काहीतरी पिवळं बसलं होतं. चमकत नव्हतं. मला वाटलं होतं चमकेल. ते शांत पिवळं होतं, हळदीच्या बोटासारखं.

मला टॉर्च धरायला सांगून त्यांनी सळई आत घातली. मनगट दगडावर टेकवलं, करंगळीचा आधार घेतला, आणि लहान मुलाची दाढ बघावी तशा इतक्या हलक्या हाताने त्या कडेकडेने माती सोडवत राहिल्या की माझा हात भरून आला, त्यांचा नाही. शेवटी तो कण त्यांच्या तळहातावर आला. मोहरीहून लहान, खसखशीहून मोठा.

त्या ओरडल्या नाहीत. हसल्याही नाहीत. तळहात मिटून तिथेच मांडी घालून बसल्या. वाफ विरली, ऊन आलं, पलीकडच्या काठावर कांगारू येऊन गेले. आम्ही चहा प्यायचा विसरलो.

होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक काचेची बाटली त्यांच्या पर्समध्ये कायम असायची. ती त्यांनी ओढ्यात विसळली, त्याच पाण्याने भरली आणि कण तिच्यात सोडला. पाण्यात तो जरा मोठा दिसायला लागला. परतीच्या वाटेवर डोंगर उतरताना मागून हात पुढे आला. हातात बाटली.

"ही तुमच्याकडे ठेवा."

"माझ्याकडे? अहो, लेकीला द्या."

"लेकीसमोर मरणाचा विषय काढला की ती मला ब्लड टेस्टला नेते. आणि नातू हे शाळेत दाखवायला नेईल. त्या वेळी घरात गडबड असेल, कुणाला काय आठवणार? तुम्ही विसराळू नाही. तुम्ही रेल्वेतले." मग थोड्या वेळाने, "शिवाय वयाने लहान आहात माझ्याहून. माझा नंबर आधी. आणून द्याल ना?"

"देईन," मी म्हणालो.

त्यानंतर दोनेक आठवड्यांत सिडनी पुन्हा बंद झाली, आणि आमच्या भागावर सगळ्यांत कडक नियम आले. पोलिसांच्या गाड्या फिरायच्या, आकाशात हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. सकाळी फिरताना बाई रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथने चालायच्या, मी अलीकडच्या. मोकळा रस्ता मध्ये. त्या मोठ्याने विचारायच्या, "आहे ना?"

"आहे."

"हलवून बघता ना मधूनमधून?"

"बघतो."

ऐकणाऱ्याला वाटलं असतं, आम्ही दह्याच्या विरजणाबद्दल बोलतोय. बाटली माझ्या डोळ्यांच्या औषधांत होती, तिथे कुणी हात घालत नाही म्हणून.

हिवाळा सरत असताना एका सकाळी लेकीचा फोन आला. "काका, आई गेली. झोपेतच." करोना नव्हता, हृदय होतं. मी "अगं" म्हणालो. एवढंच. समोर मुलगा लॅपटॉपवर काम करत होता, सून चहा गाळत होती. मला पुढचं वाक्य येत होतं. तुझ्या आईची एक वस्तू माझ्याकडे आहे, ती तोंडात ठेवायची आहे, असं ते वाक्य होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

का, ते आता लिहून टाकतो. आपल्यात शेवटच्या वेळी तोंडात सोनं कोण ठेवतं? मुलगा, मुलगी, जवळचं रक्ताचं माणूस. ते माझ्याकडे कसं? बाईंनी माझ्याकडे का दिलं? मी त्यांचा कोण? हे प्रश्न कुणीही विचारले नव्हते. मीच ते सगळ्यांच्या वतीने विचारले आणि घाबरलो. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, मी त्यांत नव्हतो, हे माझ्या सोयीचं झालं. बाटली खिशात घालून त्यांच्या दारापर्यंत चालत गेलो असतो तरी दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं. मी स्क्रीनवर अंत्यविधी बघितला. कॅमेरा छताला होता. बाईंचं कपाळ दिसलं.

पुढच्या रविवारी झूमवर शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. एकाने प्रेमाने म्हटलं, "शेवटी शेवटी सोन्याचा नाद लागला होता त्यांना. मिळालं का हो काही, काका? तुम्ही असायचात ना ग्रुपमध्ये?" सगळ्या चौकोनांतून सगळे माझ्याकडे बघत होते. त्यात बाईंची लेकही होती. मी म्हणालो, "नाही. मिळालं काही नाही. पण हौस दांडगी होती." लोक मायेने हसले. लेकीने डोळे पुसले.

तेव्हापासून आमच्याकडे तीच गोष्ट चालू आहे. डॉक्टरबाई छान होत्या, जरा विक्षिप्त होत्या, सोन्यामागे धावल्या, हाताला काही लागलं नाही. दिवाळीच्या फराळाला, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही बाईंचा विषय निघाला की कुणीतरी हे सांगतं, आणि मी तिथे बसून चकली खातो.

यंदा मला डॉक्टरांनी हृदयाच्या कसल्याशा तपासण्या सांगितल्या. तपासण्या ठीक निघाल्या. पण औषधांचा खण आवरताना विचार आला, मी गेल्यावर सून हा खण रिकामा करेल, आणि पाण्याची ही बाटली सिंकमध्ये ओतेल. त्याच दुपारी मी गिरावीनला चालत गेलो.

लेकीने दार उघडलं. वर्क फ्रॉम होमचा दिवस होता, कानात ते छोटे फोन तसेच. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो, बाटली ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ओढा, सळई, बाटली, फोन, झूम. ग्रुपचं खोटंही सांगितलं. ती उभीच होती.

"इतकी वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"काका, वाय डिडन्ट यू जस्ट कम? मी काय बोलले असते तुम्हाला?"

"काही नाही. ते मला आत्ता कळतंय."

तिने कानातले फोन काढून ठेवले. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भटजी फोनवर होते. म्हणाले, सोनं ठेवलंत का? मला काही सुचेना. मग आईच्याच कुडीची फिरकी काढली आणि ठेवली. वाकडी ठेवली गेली." मग वळून म्हणाली, "मला वाटायचं, तिला हवं होतं ते राहून गेलं. ती एवढी शोधत होती आणि तिला मिळालंच नाही. मला त्याचंच वाईट वाटायचं, काका."

"मिळालं होतं," मी म्हणालो. "मी टॉर्च धरला होता."

तिने बाटली उजेडात धरली. कण तळाशी होता, तसाच शांत पिवळा. "हात लावून बघू?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने बूच काढलं आणि बाटली तळहातावर कलती केली. पाणी बोटांतून सांडलं, आणि पाण्याबरोबर कणही गेला. आवाज झाला नाही. एवढ्याशा वस्तूचा कसला आवाज होणार?

आम्ही दोघं फरशीवर. तिने फोनचा टॉर्च लावला, मी चष्मा बदलला. ओट्याखाली, फ्रिजच्या पायांशी, फरश्यांच्या फटींत, सगळीकडे पाहिलं. हळदीचा एक ठिपका सापडला, जिऱ्याचे दाणे सापडले. माझे गुडघे बोलायला लागले. मी पुन्हा पुन्हा "माझ्यामुळे, माझ्यामुळे" म्हणत होतो, आणि मग कळलं की ती हसतेय. रडतही होती, पण हसत होती.

"काका, उठा. राहू दे."

"अगं, पण तो कण..."

"असू दे. घरातच आहे ना."

तिने मला हाताला धरून उठवलं आणि चहा टाकला.

आता माझ्याकडे पुरावा काहीच नाही. बाटली रिकामी आहे. ज्याला पटायचं नाही त्याला पटणार नाही. पण ओट्यासमोरच्या त्या भागात ती आता व्हॅक्यूम लावत नाही. घरी कुणी आलं की सांगते, "चपला बाहेर काढा हं, इथे आईचं सोनं सांडलंय." पाहुण्यांना वाटतं, ती गंमत करतेय. परवा मी तिथेच होतो. एक जण हसून म्हणाला, "पण डॉक्टरबाईंना तर कधी काही मिळालंच नव्हतं ना?"

"मिळालं होतं," मी म्हणालो. "मी होतो तिथे. आम्ही दोघंच होतो."